जपानी पंगतीला आम्ही दोघे



परदेशप्रवासावरचे व्याख्यान म्हटले की त्यात काय असावयाचे हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. जपानचे असेल तर फुजी पर्वत, वेळेवर सुटणाऱ्या आगगाड्या, रस्त्यावरची स्वच्छता, आणि शेवटी ‘नाहीतर आपण!’ असा एक सुस्कारा. हे सर्व खरे आहे. परंतु या व्यासपीठावरून ते आपण पूर्वी ऐकलेले आहे आणि पुढेही ऐकाल. आम्ही आज ताटाविषयी बोलणार आहो. तीन आठवड्यांच्या प्रवासात दिवसातून तीनदा ज्या प्रश्नाने आम्हांला गाठले तो प्रश्न ताटातलाच होता.

त्यासाठी आमच्या घरातली एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. आम्हां उभयतांपैकी एकाचे माहेर म्हणा, घर म्हणा, ते समुद्रकाठचे. तेथे मासळी नसलेला दिवस म्हणजे उपासाचा दिवस. दुसरीच्या माहेरी मासळीच्या टोपलीला वाड्याच्या दरवाजातूनच रजा मिळत असे. संसारात आम्ही यावर तोड काढली आहे. घरात दोन तवे आहेत, दोन कढया आहेत, आणि कोणता कोणाचा हे भांडी घासणाऱ्या बाईंनाही ठाऊक आहे. पण परदेशात चूल आपली नसते. तेथे तवा एकच आणि तोही दुसऱ्याचा.

जपानात शाकाहारी माणसाचे हाल होतात असे निघण्यापूर्वी अनेकांनी सांगितले. हाल होतात हे खरे, पण ते का होतात हे कोणी सांगितले नव्हते. आम्हांला वाटले, तेथे भाज्याच कमी असतील. प्रत्यक्षात भाज्यांची रेलचेल. मुळा, भोपळा, पालक, बांबूचे कोंब, कमळाचे देठ, नाना जातींची अळंबी, समुद्रातली पाने, आणि सोयाबीनचे तर इतके प्रकार की आपल्या हरभऱ्याने मान खाली घालावी. अडचण भाजीची नाही. अडचण आहे ती ज्या पाण्यात भाजी शिजते त्या पाण्याची.

त्या पाण्याला ‘दाशी’ म्हणतात. आपल्याकडे फोडणीला जे स्थान, ते जपानी स्वयंपाकात दाशीला. तिचे दोन मुख्य घटक. एक ‘कोम्बु’ म्हणजे उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या थंड समुद्रात होणारी, वाळवलेली, चामड्याच्या पट्ट्यासारखी दिसणारी समुद्रवनस्पती. दुसरा ‘कात्सुओबुशी’. कात्सुओ हा आपल्या कोकणातला कुपा ज्या कुळातला त्याच कुळातला मासा. त्याचे लांब तुकडे करून उकडतात, लाकडाच्या धुरावर पुनःपुन्हा धुरवतात, वाळवतात, आणि उंची प्रकारच्या मालावर तर मुद्दाम बुरशी चढवून तो महिनोन् महिने ठेवतात. शेवटी जे तयार होते ते सागवानाच्या ढलपीसारखे कडक. एकमेकांवर आपटले तर लाकडासारखा आवाज येतो. सुताराचा रंधा उलटा करून पेटीत बसवावा तशी एक पेटी असते. तिच्यावर हा मासा घासतात आणि खाली गुलाबी, पारदर्शक, कागदापेक्षा पातळ अशा कपच्या पडतात. गरम पाण्यात कोम्बु घालावा, उकळी फुटण्याआधी काढावा, मग या कपच्या क्षणभर घालून गाळून घ्यावे. झाली दाशी. दिसावयास स्वच्छ पाणी! मिसोच्या कढणात ती, शेवयांच्या रसात ती, शिजवलेल्या मुळ्यात ती, अंड्याच्या वळकटीत ती, क्वचित लोणच्यातही ती.

आता गंमत पाहा. कोम्बुच्या या चवीचा शोध घेत असता तोक्यो विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली त्यातून ग्लुटामिक आम्लाचे क्षार वेगळे काढले. गोड, आंबट, खारट आणि कडू यांत न बसणारी ही पाचवी रुची आहे असे सांगून त्यांनी तिला ‘उमामी’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी ती पांढरी पूड बाजारात आली. तिचे नाव ‘आजीनोमोतो’, अर्थ ‘चवीचे मूळ’. आपल्या शहरात चौकाचौकांत उभ्या असलेल्या चायनीजच्या गाड्यांवरचा पोरगा ज्या डब्यातून चमचाभर पूड कढईत फेकतो आणि ज्याला ‘अजिनोमोटो’ म्हणतो, ती ही. म्हणजे एका जपानी प्राध्यापकाच्या घरचा कढणाचा वाडगा आपल्या नाक्यावर येऊन पोहोचला आहे. आणि तो आला चायनीजच्या नावाने! पुढे १९१३ साली इकेदांचे शिष्य कोदामा यांनी कात्सुओबुशीतले आणि १९५७ साली कुनिनाका यांनी वाळवलेल्या शिइताके अळंबीतले रुचिद्रव्य शोधून काढले. यांतली दोन द्रव्ये एकत्र आली म्हणजे चव नुसती बेरजेने वाढत नाही, अनेक पटींनी वाढते. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. थोड्या वेळाने तिचा उपयोग होणार आहे.

दुसरी अडचण भाषेची. आम्ही एक वाक्य घोकून गेलो होतो : ‘नीकु’ खात नाही. नीकु म्हणजे मांस. वाढणारी मुलगी वाकून ‘हाय, हाय’ म्हणे, आणि पाच मिनिटांनी सुंदर वाडग्यात कोळंबी घेऊन येई. यात तिची लबाडी नव्हती. नीकु या शब्दात मासळी येतच नाही. आपल्याकडेही ‘मांसमच्छी’ असा जोडशब्द करावा लागतो, तो उगाच नव्हे. जपानात या भेदाला फार जुना इतिहास आहे. इ. स. ६७५ मध्ये तेम्मु सम्राटाने बौद्ध धर्माच्या प्रभावाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षाच्या काही महिन्यांत खाण्यास मनाई केली. त्या यादीत मासा नव्हता. पुढे शतकानुशतके चतुष्पादांच्या मांसाविषयी एक प्रकारचा संकोच राहिला, तो थेट १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने स्वतः गोमांस खाऊन प्रजेला उदाहरण घालून देईपर्यंत. मासा मात्र या सर्व काळात निर्वेधपणे पोहत राहिला. तेव्हा ‘मी मांस खात नाही’ या वाक्याला जपानी कानांनी काय ऐकावे हे तेम्मु सम्राटाने साडेतेराशे वर्षांपूर्वीच ठरवून टाकले होते.

तोक्योत असताना शिंजुकु भागातल्या ‘नाकामुराया’ या दुकानात गेलो, त्याविषयी दोन शब्द. हे पावाचे जुने दुकान. १९१२ साली दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बाँब पडला, त्या कटातले रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानात निसटून आले. ब्रिटिशांच्या दडपणाखाली त्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला तेव्हा या दुकानाचे मालक सोमा आणि त्यांच्या पत्नी यांनी त्यांना दुकानामागच्या इमारतीत लपवून ठेवले. १९१८ मध्ये सोमांची कन्या तोशिको हिच्याशी बोसांचे लग्न झाले. १९२५ मध्ये ती बिचारी वारली. १९२७ मध्ये दुकानाने उपाहारगृह काढले आणि त्यात बोसांच्या आग्रहाने ‘हिंदी करी’ ठेवली. जपानात तोवर करी पोहोचली होती ती इंग्रजांच्या मार्फत, पिठाने दाट केलेली. आपल्या देशाची म्हणून ही कणकेची खळ लोकांनी खावी हे त्या क्रांतिकारकाला सहन होईना! त्यांची करी कोंबडीची, हाडासकट, मसाल्यांची. ती त्या दुकानात आजही मिळते. आमच्यापैकी एकाने ती श्रद्धेने खाल्ली. दुसरीने तितक्याच श्रद्धेने शेजारी बसून भात आणि लोणचे खाल्ले.

येथवर सारे चेष्टेवारी निभावले. खरा प्रसंग पुढे आला तो की द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी, कात्सुउरा बंदरात.

हे बंदर मोठ्या कुप्याच्या मासळीसाठी नामांकित. पहाटे धक्क्यावर माणसाएवढे मासे ओळीने मांडलेले असतात आणि लिलाव चालतो. आम्ही उतरलो ते ‘मिन्शुकु’त, म्हणजे घरगुती उतारशाळेत. एक वृद्ध जोडपे ती चालवीत होते. यजमान जन्मभर मासेमारी केलेले, आता गुडघ्यांनी जायबंदी. आम्ही आगाऊ कळवले होते की एक माणूस मासे खाणारे, एक अजिबात न खाणारे. यावेळी नीकुबरोबर मासा, कोळंबी, शिंपले हे सगळे शब्द घालून कळवले होते. रात्री दोन चौरंग मांडले गेले. एकावर कच्च्या मासळीच्या लालभडक चकत्या. दुसऱ्यावर तोफू, भोपळा, मुळा, रानभाजी, कढण. एकही मासा नाही. त्या बाईंनी किती मनापासून ते रचले होते हे भोपळ्याच्या फोडींना दिलेल्या पानांच्या आकारावरूनच दिसत होते.

परंतु वाडग्यावरचे झाकण उघडताच समुद्रकाठच्या नाकाला ओळख पटली. धुराचा, किंचित आंबूस, खमंग असा तो वास कात्सुओबुशीचाच होता. आता काय करावयाचे?

आम्ही मराठीत, चेहरा हसरा ठेवून, भांडलो. चौरंगाशी बसून, यजमानीणबाई समोर गुडघ्यांवर बसलेल्या असताना, असे भांडण करण्याचा प्रसंग कोणावर न येवो. एका बाजूचे म्हणणे असे : मासा दिसत नाही, तुकडा नाही, केवळ पाण्याला वास लागला आहे. खुद्द बुद्धानेही भिक्षूंना सांगितले होते की आपल्यासाठी मारल्याचे पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, असे भिक्षापात्रात पडलेले मांस घेण्यास दोष नाही. या माणसांची सारी हयात समुद्रावर गेली. त्यांच्या अन्नाला बाजूला सारणे म्हणजे त्यांच्या हयातीला बाजूला सारणे. दुसऱ्या बाजूचे उत्तर शांत होते. आपण भिक्षू नाही, आपण रात्रीचे भाडे मोजले आहे. आणि शंका नाही असे कसे म्हणावे, आताच तर तुम्ही वास ओळखलात. शिवाय दोन मिनिटांपूर्वी या बाई आपल्याला हात जोडून जो शब्द म्हणावयास शिकवीत होत्या, त्याचा अर्थ काय?

तो शब्द ‘इतादाकिमासु’. जेवणापूर्वी प्रत्येक जपानी माणूस, पोरापासून थोरापर्यंत, हात जोडून तो म्हणतो. शब्दशः अर्थ ‘मी नम्रपणे घेतो’. पुष्कळ जपानी लोक त्याचा अर्थ असा उलगडून सांगतात की, या ताटात ज्यांचे ज्यांचे प्राण आले आहेत ते मी घेतो आहे. आपल्याकडे जेवणापूर्वी श्लोक म्हणतात किंवा चित्राहुती घालतात, त्यात देवाचे स्मरण आहे. येथे स्मरण आहे ते ज्याला खावयाचे त्याचे. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद असा की, जो माणूस ‘मी हा प्राण घेतो’ असे रोज म्हणतो, त्यालाच ‘मी हा घेत नाही’ हे वाक्य सर्वांत चांगले समजले पाहिजे.

या युक्तिवादाला उत्तर सुचले नाही. कढणाचा वाडगा झाकून ठेवला गेला. भात, समुद्रपानांची कोशिंबीर आणि उमेबोशी, म्हणजे ज्याला ते लोक उमे म्हणतात त्या आंबट फळाचे खारवलेले लोणचे, एवढ्यावर जेवण झाले. यजमानीणबाईंनी काही विचारले नाही. पण जपानात ताटात अन्न टाकणे हे आपल्यापेक्षाही वाईट मानतात. त्या भरलेले वाडगे उचलून घेऊन गेल्या तेव्हा त्यांची पाठ पाहून आम्हां दोघांनाही घास गोड लागला नाही. थोड्या वेळाने आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि भ्रमणध्वनीतल्या दुभाष्याला तोंडाशी धरून एकच शब्द विचारला, ‘कात्सुओ?’ बाईंनी तोंडावर हात घेतला. मग जमिनीला कपाळ लागेपर्यंत वाकल्या. पाठोपाठ आम्हीही वाकलो. यजमान बाहेर येऊन पाहतात तो तीन माणसे स्वयंपाकघरात ओणवी!

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला मिसोचे कढण आले. बाईंनी स्वतःच सांगितले, ‘कोम्बु. शिइताके.’ रात्रभर भिजत घातले होते. कोम्बु आणि वाळवलेली अळंबी यांची जोडी काय करते हे मघाशी आपण पाहिले. रसायनशास्त्रज्ञांना ते विसाव्या शतकात कळले, पण बाईंना ते त्यांच्या आजीने शिकवले होते. घरात मृत्यू झाला म्हणजे आणि पितरांच्या दिवसांत त्यांच्याकडे असेच शिजवीत. त्याला ‘शोजिन’ म्हणतात. ते दिवस संपले की पुन्हा मासळी खाण्याचा एक निराळा समारंभ असतो. श्रावण संपल्यावर आपल्या मासळीबाजारात जी झुंबड उडते ती पाहिलेल्यांना याचे नवल वाटू नये. थोडक्यात, बाईंना ही विद्या येत होती. पण जिवंत, हिंडत्याफिरत्या पाहुणीला सुतकातले जेवण कसे वाढावे, असा त्यांना संकोच पडला होता. हे त्यांनी सांगितले तेव्हा आम्हांला कळले की आदल्या रात्री त्या घरात संकोच आमच्याच बाजूचा तेवढा नव्हता.

त्या न्याहारीला आम्ही आमच्या पिशवीतले मेतकूट काढले. बाईंनी ते चिमटीत घेऊन हुंगले, भातावर घातले, आणि लगेच फडताळातून आपली एक बरणी आणली. तिच्यात भाजलेल्या सोयाबीनचे पीठ होते, ‘किनाको’. रंग तोच, खमंगपणा तोच. फक्त ते साखर घालून खातात. यजमानांना मात्र मेतकूट इतके आवडले की ते त्यांनी मासळीवर भुरभुरवून खाल्ले. आमच्यातील दुसरीने ते पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली.

काड्यांनी जेवण्याविषयी पुष्कळ विनोद होतात. एक गोष्ट मात्र विनोदाची नाही. भातात काड्या उभ्या खोचावयाच्या नाहीत, आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यावयाचा नाही. मृताला जो भात ठेवतात त्यात काड्या उभ्या खोचतात, आणि दहनानंतर अस्थी काड्यांनी उचलून गोळा करतात. जेवताना तसे करणे म्हणजे आपल्याकडे पानावर भाताचे पिंड वळण्यासारखे आहे. उलट एका बाबतीत जपानी पंगत आपल्याला अगदी घरची वाटते. शेवया खाताना आवाज केला तर कोणी डोळे वटारीत नाही. भुरके मारूनच खावे अशी रीत आहे. इंग्रजी शिष्टाचारापायी आपण कढीचा भुरका गमावला, तो तेथे सुखरूप आहे.

कात्सुउराहून आम्ही कोया पर्वतावर गेलो. ओसाकाहून येणारी आगगाडी ज्या स्थानकापाशी संपते त्याचे नाव ‘गोकुराकुबाशी’, म्हणजे सुखावती स्वर्गाचा पूल. तेथून दोरखंडाच्या गाडीने वर जावयाचे. सुमारे आठशे मीटर उंचीवर, देवदारासारख्या उंच वृक्षांत, शंभराहून अधिक मंदिरे. कूकाइ या महान आचार्याने ८१६ साली हे स्थान वसवले. तो चीनमध्ये छांगआनला गेला होता आणि तेथे प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्षूजवळ संस्कृत शिकला. त्याचा परिणाम असा की, येथल्या दोन लाखांहून अधिक समाध्यांपैकी असंख्य समाध्यांवर आपल्या ओळखीची अक्षरे आहेत. पाच दगडांचा मनोरा, आणि त्यावर वरून खाली सिद्धम् लिपीत ख, ह, र, व, अ ही पंचमहाभूतांची बीजे. पहाटे मंदिरात अग्नी पेटवून आहुती देतात त्याला ‘गोमा’ म्हणतात. गोमा म्हणजे आपला होम! आणि अनेक मंत्रांच्या शेवटी ‘सोवाका’. हा आपला स्वाहा.

या मंदिरांतून उतरण्याची सोय आहे, आणि तेथे जेवण शोजिन. मांस नाही, मासे नाहीत, आणि कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला परदेशात इतके आपलेपण कोठे मिळावे? तिळाचा घट्ट लगदा करून केलेला गोमादोफू, गोठवून वाळवलेला कोयादोफू, भाज्यांची भजी, लोणची. लाल लाखकाम केलेल्या चौरंगांवर सारे मांडलेले. प्रवासात पहिल्यांदाच दोन्ही चौरंग सारखे होते. समुद्रकाठच्या माणसाने जेवून झाल्यावर कबुली दिली की मासळीची आठवण झाली नाही. अर्थात एकाच दिवसापुरती.

मात्र कोयाचे चित्र सोवळे रंगवून सांगणे योग्य नव्हे. भिक्षूंना मांस खाण्याची आणि लग्न करण्याची मोकळीक सरकारने १८७२ साली दिली, आणि बहुतेकांनी ती घेतली आहे. मंदिरात जेवताना साके मद्य मिळते. त्याचे ठेवणीतले नाव ‘हान्न्यातो’, म्हणजे प्रज्ञेचे गरम पाणी. शिवाय हजार वर्षे या पर्वतावर स्त्रियांना पाऊल टाकण्याची मनाई होती. ती हुकुमाने उठली तीही १८७२ सालीच, आणि वहिवाट बदलावयास त्यानंतरही बरीच वर्षे गेली. डोंगराच्या वेशीवर स्त्रियांसाठी बांधलेले एक देऊळ अजून उभे आहे. त्यापुढे त्यांनी जावयाचे नसे. ज्या स्वयंपाकघराचे आम्ही एवढे कौतुक करीत होतो, त्याच्या पंगतीला दीडशे वर्षांपूर्वी आमच्यातील शाकाहारी माणसालाच मज्जाव झाला असता, आणि मासेखाऊला तेवढे आत घेतले असते.

कूकाइ वारला असे कोयावर म्हणत नाहीत. ८३५ सालापासून तो आतल्या समाधिमंदिरात ध्यानस्थ बसला आहे अशी श्रद्धा आहे, आणि म्हणून त्याला रोज दोनदा जेवण जाते, पहाटे सहा वाजता आणि साडेदहाला. जेवण एका निराळ्या घरात शिजते. तेथून निघाले की आधी ते ‘चव पाहणाऱ्या’ जिझोच्या छोट्या मंदिरापुढे ठेवतात, आणि मग दोन भिक्षू पांढऱ्या लाकडी पेटीतून ते पुलापलीकडे घेऊन जातात. पहाटेच्या थंडीत आम्ही बाजूला उभे राहिलो. पेटी गेली, झाकण लागलेली. आत काय होते ते दिसले नाही. परत येताना एक तरुण भिक्षू आमच्याबरोबर चालू लागला. त्याला थोडे इंग्रजी येत होते. आमच्यातील एकीला राहवेना. तिने विचारले, ‘आचार्यांच्या कढणाला दाशी कसली?’

तो थांबला, हसला, आणि म्हणाला, ‘कोम्बु.’